जुन्या दगडखाणीतून स्फटिक गोळा करायचे आहेत? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर बंद पडलेल्या दगडखाणी जागोजागी आहेत. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, जळगाव या पट्ट्यात तर कुठल्याही मोठ्या रस्त्यावरून जाताना डोंगराचा कापलेला काळा कडा दिसतोच. घरं, रस्ते, धरणं यांच्यासाठी दगड काढून झाला, काम थांबलं आणि खाण तशीच राहिली. या काळ्या दगडाच्या पोटात पांढरे, पीच रंगाचे, हिरवट स्फटिक असतात आणि त्यांतले काही जगातल्या मोठ्या संग्रहालयांमध्ये मानाने मांडलेले आहेत. तरी आपल्याकडे यातला बराचसा माल खडीच्या मशीनमधून जाऊन रस्त्याखाली गाडला जातो.

दिवाणखान्यात ठेवण्यासाठी, अभ्यासासाठी किंवा निव्वळ आवड म्हणून असे दगड गोळा करावेत असं अनेकांना वाटतं. सुरुवात कुठून करायची हे कोणी नीट सांगत नाही. खाणवाल्याला कसं विचारायचं, कायदा काय म्हणतो, हातोडा कोणता घ्यायचा, घरी आणल्यावर धुवायचं कशाने, या सगळ्याची उत्तरं मला वेगवेगळ्या माणसांकडून तुकड्यातुकड्याने मिळाली. ती इथे एका जागी लिहिते आहे. आणि पुढच्या प्रत्येक पायरीला लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगते: नवख्या माणसाने खाणीच्या भिंतीला हात लावू नये. तुमच्या कामाचं सगळं खाली, टाकाऊ दगडांच्या ढिगात आहे.

१. आधी हा दगड कसा झाला ते समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका. दगड समजला की निम्मी शोधाशोध वाचते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग त्या बेसॉल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर चढले आणि थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहून गेल्या. थराचा मधला भाग मात्र घट्ट, एकजीव झाला. पुढे या पोकळ्यांमधून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि आतल्या अंगाला स्फटिक वाढले.

यातून खाणीत उपयोगी पडणारी एक खूण मिळते. खाणवाल्याला हवा असतो तो मधला घट्ट दगड; खडी आणि बांधकाम त्याचंच. वरचा भोकाभोकांचा, ठिसूळ दगड त्याच्या दृष्टीने कचरा असतो. तो बाजूला लोटला जातो आणि त्याचाच ढीग होतो. तुम्हाला हवा असलेला दगड नेमका तोच आहे.

कड्याकडे लांबून पाहिलंत तर काही ठिकाणी विटकरी लाल रंगाचा आडवा पट्टा दिसेल. एक लाव्हाथर आणि त्यावरचा दुसरा थर यांच्यामधला हा लाल मातीचा पट्टा. त्याच्या लगेच खाली जुन्या थराचा माथा असतो, म्हणजे पोकळ्यांचा भाग. खाणीत शिरण्याआधीच हा पट्टा शोधून ठेवा. त्या उंचीवरचा दगड कोसळून किंवा लोटला जाऊन कुठे पडला असेल याचा अंदाज घेतलात की ढिगाचा कोणता कोपरा पाहायचा हे ठरतं.

२. खाण निवडा, पण आधी जमीन कोणाची ते पाहा

‘बंद खाण म्हणजे कोणाचीच नाही’ हा समज डोक्यातून काढून टाका. प्रत्येक खाण कोणाच्या तरी गटात असते. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवर शासनाचा हक्क आहे. विनापरवाना उत्खनन आणि वाहतूक झाल्यास बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होऊ शकतं. दगडासारख्या गौण खनिजांसाठी २०१३ चे राज्याचे वेगळे नियम आहेत. म्हणजे पिशवीभर सुटे तुकडे उचलणं आणि पहार लावून माल काढणं यांत फरक आहे. हा लेख पहिल्या प्रकारापुरताच आहे आणि त्यालाही परवानगी लागतेच.

गावाचं नाव आणि गट नंबर कळला की महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो. नुसता पाहायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना मिळतो. गट नंबर माहीत नसेल तर महाभूनकाशावर खाणीची जागा शोधा किंवा सरळ तलाठी कार्यालयात जा. सातबाऱ्यावर तीन गोष्टी बघायच्या: मालकाचं नाव, ‘इतर हक्क’ या रकान्यातल्या नोंदी, आणि जमीन गायरान, शासकीय किंवा वनखात्याची तर नाही ना.

वनजमीन असेल तर ती खाण सोडून द्या. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनउपजाच्या व्याख्येत लाकूड-मधाबरोबर खडक आणि खनिजंही येतात. जंगलातून आणलेला दगड हा वनखात्याच्या लेखी वनउपज आहे, मग तो मुठीएवढा का असेना. अभयारण्यात तर विषयच नको. लोणार सरोवराचा परिसर अभयारण्य आहे आणि तिथल्या विवरातला प्रत्येक दगड अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. तिथून आठवण म्हणून खडासुद्धा आणू नका. किल्ले आणि लेणी यांच्याबाबतही तेच. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा खोदकामाला पूर्ण बंद असतो आणि त्यापुढच्या २०० मीटरवर निर्बंध असतात. डोंगरी किल्ल्यांवर पाण्याची टाकी खोदताना दगड काढला ती जागासुद्धा खाणच आहे, पण ती इतिहासाची खाण आहे. तिथे फक्त पाहायचं.

खाण चालू आहे की बंद, हे गावात विचारल्याशिवाय ठरवू नका. ओस दिसणाऱ्या खाणीचा एखादा कोपरा पुन्हा भाड्याने गेलेला असू शकतो. खात्री करायची तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत विचारा. नवख्यांनी चालू खाणीत जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोकलेन आणि डंपरच्या मध्ये वाकून दगड वेचणाऱ्या माणसाकडे चालकाचं लक्ष जाईलच असं नाही.

३. परवानगी मागा, तोंडी आणि मग लेखी

मालकाला भेटायला रिकाम्या हाताने, म्हणजे हातोडा गाडीत ठेवून जा. हत्यारं घेऊन दारात उभं राहिलं की माणूस दचकतो. गुप्तधन शोधणारे, खाणीची तक्रार करणारे, जमिनीचे दलाल अशा सगळ्यांचा अनुभव त्याने घेतलेला असतो. त्यामुळे सुरुवात सरळ करा: ‘काका, तुमच्या खाणीत पांढरे चमकणारे खडे निघायचे असं ऐकलं. मला तसे दोन-चार गोळा करायचा छंद आहे. फोडकाम काही करणार नाही, खाली पडलेलं तेवढं बघेन. एखाद्या दिवशी येऊ का?’ मोबाइलमध्ये एक-दोन नमुन्यांचे फोटो असतील तर दाखवा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘असले खडे तर ढिगाने होते, पोरं खेळायची.’ आणि मग कुठल्या कोपऱ्यात होते तेही कळतं.

हो म्हणाले की एका कागदावर चार ओळी लिहून त्यांची सही घ्या: गट नंबर, तारीख, कोण येणार आहे, सुटे दगड हाताने वेचणार, यंत्र किंवा सुरुंग वापरणार नाही. वाटेत कोणी अडवलं तर हा कागद बोलतो. मात्र मालकाची सही ही शासनाच्या परवान्याची जागा घेत नाही, हे लक्षात असू द्या. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच आणा. टेम्पो भरायचा असेल तर वाहतूक पास लागतो आणि मग तो छंद राहत नाही, धंदा होतो. विक्रीचा विचार मनात असेल तर आधी खनिकर्म शाखेत जाऊन रीतसर काय करावं लागेल ते विचारा, मग पुढचं बोला.

गावात वडार समाजाची घरं असतील तर तिथे नक्की जा. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या या माणसांना कोणत्या थरात पोकळी लागते, कोणता दगड कसा फुटतो हे हातातून कळलेलं असतं. एखाद्या जाणत्या मामांना सोबत येण्याची विनंती करा आणि त्यांच्या दिवसाची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्या. त्यांनी दाखवलेल्या जागेतून चांगला नमुना मिळाला तर त्याचे वेगळे पैसे द्या. त्यांचं ज्ञान फुकट घेण्याची सवय अनेक संग्राहकांना असते, ती तुम्ही लावून घेऊ नका. लहान मुलांकडून मात्र कधीही दगड आणवून घेऊ नका. चार खाऊच्या पैशांसाठी मूल कड्यावर चढतं.

४. कागद आणि सामान

कागद:

- सातबारा उतारा आणि गटाचा नकाशा (छापील किंवा मोबाइलमध्ये)
- मालकाचं सहीचं पत्र
- स्वतःचं ओळखपत्र
- घरी ठेवायची चिठ्ठी: कुठे जातोय, कधी परतणार, मालकाचा फोन

अंगावर:

- हेल्मेट, बांधकामावरचं चालेल. एक फूट लांब, रुंद आणि उंच अशा काळ्या पाषाणाचं वजन ८० किलोच्या आसपास भरतं, मुठीएवढा तुकडाही उंचावरून पडला तर डोकं फोडतो
- डोळ्यांसाठी बाजूंनी बंद असलेला चष्मा
- जाड चामडी हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, लांब पँट
- धुळीसाठी एन-९५ मास्क. नाकाला रुमाल बांधून दगडाची बारीक धूळ अडत नाही

हत्यारं:

- गवंड्याचा किंवा पाथरवटाचा हातोडा, साधारण एक किलोचा. सुताराचा हातोडा आणू नका, दगडावर त्याच्या पोलादाची कपची उडते
- पाथरवटाच्या दोन छिन्न्या, एक रुंद, एक टोकदार
- ढीग उकरायला छोटी कुदळ किंवा खुरपं
- भिंग, दहा पटीचं असेल तर उत्तम
- जुनी वर्तमानपत्रं, टिश्यू, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, झाकणाचे डबे
- कायमची शाई असलेला मार्कर, चिठ्ठ्या, वही
- पाणी, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी

एकट्याने जाऊ नका. कमीत कमी दोघं, आणि दोघांपैकी एकाने खाणीच्या तोंडाशी, मोबाइलला रेंज येते अशा जागी अधूनमधून यावं.

५. कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाने ढिगावरची माती धुऊन निघालेली असते, गवत वाळू लागलेलं असतं आणि उन्हाचा त्रास नसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच कडे सैल असतात, तेव्हा टाळा. मार्चनंतर काळा दगड असा तापतो की दुपारी हात टेकवत नाही. गेलातच तर पहाटे जाऊन दहाच्या आत बाहेर पडा.

६. खाणीत शिरल्यावर आधी वर बघा

पहिली दहा मिनिटं काहीही उचलू नका. कड्याच्या वरच्या काठावर सुटे दगड, लोंबकळणारी मुळं, ओल्या भेगा दिसतात का ते पाहा. ताज्या, न काळवंडलेल्या दगडांचा सडा खाली दिसला तर तिथे अलीकडे दरड पडली आहे आणि पुन्हा पडू शकते. कड्याच्या पायथ्यापासून निदान कड्याच्या उंचीएवढं अंतर ठेवायचं, असा नियम घालून घ्या. ढीग बहुधा त्याच्या बाहेरच असतो. कड्याला लागून असलेला भाग कितीही चमकला तरी तो सोडायचा.

दगडात वरून खाली गेलेली सरळ, गोल भोकं दिसतील. ती सुरुंगाची. एखाद्या भोकात वायर, प्लॅस्टिकची नळी किंवा धातूची छोटी टोपी दिसली तर हात लावू नका, आसपास हातोडा मारू नका, आल्या वाटेने मागे फिरा आणि मालकाला व पोलिसांना कळवा. न फुटलेला सुरुंग अनेक वर्षांनीही धोक्याचा असतो. ढिगात सापडलेल्या वायरच्या तुकड्याबद्दलही हेच.

खाणीतल्या पाण्यात उतरू नका. हात-पाय धुवायलासुद्धा नाही. खाणीचा तळ नदीसारखा हळूहळू उतरत नाही. एका पावलावर गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलावर पुरुषभर खोली असते, कडा शेवाळलेल्या आणि सरळ उभ्या. दर उन्हाळ्यात पोहायला गेलेली मुलं अशाच खाणींमध्ये बुडतात.

दगड उलटताना तो नेहमी स्वतःच्या दिशेने उचला, म्हणजे दगडाची आड तुमच्या आणि त्याखालच्या जिवाच्या मध्ये राहते. फुरसं आणि विंचू दोघांनाही सपाट दगडाखालची जागा आवडते. बोटं कधीही दगडाच्या खाली घालायची नाहीत, आधी छिन्नीने किंवा काठीने कड उचकटायची. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला शांत बसवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ती खाण नाही. हातोड्याच्या आवाजाने आणि धुराने माश्या उठतात.

७. ढिगात शोधायचं कसं

खरा आनंद इथे आहे, म्हणून सविस्तर सांगते.

सूर्य तिरपा असताना, म्हणजे सकाळी किंवा दुपारी चारनंतर, सूर्याकडे तोंड करून ढिगाच्या कडेने सावकाश चालत जा. स्फटिकांचे सपाट पृष्ठभाग क्षणभर चमकतात. चमक दिसली की नजर न हलवता तिथपर्यंत जा, नाहीतर ती जागा पुन्हा सापडत नाही. बाटलीची काच, अभ्रकाचा कण आणि स्फटिक यांची चमक वेगळी ओळखायला थोडा वेळ लागतो, पण डोळा लवकर तयार होतो.

मग रंगाकडे लक्ष द्या. काळाभोर, जड, एकसंध दगड असेल तर पुढे चला, त्यात काही नाही. तपकिरी, जांभळट-करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकं पडलेला दगड दिसला की थांबा. भोकांच्या आत गडद हिरवा पातळ लेप असेल तर तो चांगला संकेत. गरम पाणी तिथून फिरलं होतं याची ती खूण. बऱ्याच पोकळ्यांमध्ये सगळ्यात आधी हाच लेप चढतो, त्यावर गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, पातळ थर येतो आणि मग बाकीचे स्फटिक वाढतात.

ढिगाच्या माथ्यावर वेळ घालवू नका. मोठे दगड लोटताना घरंगळत तळाशी जातात, म्हणून मोठी पोकळी असलेले गोटे ढिगाच्या पायाशी आणि त्यापुढच्या गवतात मिळतात. पावसाच्या पाण्याने ढिगात पाडलेल्या चरी आणि त्या जिथे संपतात ती तोंडं तपासा. सुटे, लहान पण पूर्ण वाढलेले स्फटिक तिथल्या मातीत असतात. ही माती चाळणीत घेऊन घरी धुतलीत तरी चालते.

गोल गोटा हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्या. आकाराच्या मानाने हलका वाटला तर आत पोकळी असण्याची शक्यता आहे. तो तिथेच फोडण्याचा मोह आवरा. मधोमध घाव घातला की आतले स्फटिक त्यांच्या सपाट पाट्यांवरून निखळतात. फोडायचाच असेल तर दगड मातीवर नीट टेकवा, पोकळीपासून लांबच्या कडेवर छिन्नी ठेवा आणि गोट्याभोवती फिरत हलके ठोके देत रेघ तयार करा. घाई न करता ठोकत राहिलं की आवाज बदलतो, भरीव टणत्काराऐवजी बसका आवाज येतो. तेव्हा थांबा आणि हाताने उकला. सोबत आलेले मामा हे काम तुमच्यापेक्षा कितीतरी नीट करतील. त्यांनाच करू द्या आणि बघून शिका. हातोड्यावर हातोडा मात्र कधीही मारू नका, कपची डोळ्यात जाते.

आणि सगळंच उचलू नका. मोठ्या दगडाला चिकटलेला सुंदर गुच्छ निघताना तुटणार असं दिसत असेल तर फोटो काढा आणि तो तिथेच ठेवा.

८. हातात आलं ते काय आहे

आपल्या खाणींमध्ये नेहमी भेटणारी मंडळी अशी:

गार आणि तिचे भाऊबंद. चाकूने ओरखडा उठत नाही, उलट गार काचेवर ओरखडा काढते. टोकदार सहा कडांचे स्फटिक, कधी जांभळे. पट्ट्यापट्ट्यांचा अकीकही याच घरचा.

कॅल्साइट. चाकूने सहज ओरखडतो, तिरक्या चौकोनी तुकड्यांत फुटतो. न लागणाऱ्या कपचीवर लिंबाचा रस टाका, बारीक बुडबुडे येतात.

स्टिल्बाइट. पांढरा ते पीच रंगाचा. बरेच पातळ स्फटिक मध्ये आवळलेले आणि दोन्ही टोकांना पसरलेले, गव्हाच्या पेंढीसारखे. नवख्यांना बहुधा पहिल्यांदा हाच मिळतो.

ह्यूलँडाइट. पसरट, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळता, सपाट बाजूवर मोत्याची चमक. स्टिल्बाइटबरोबर अनेकदा एकाच पोकळीत असतो.

अपोफिलाइट. सगळ्यांचा लाडका. चौकोनी बुंध्याचा, टोकाला मनोरा, बाजूंवर उभ्या बारीक रेषा; माथा सपाट असेल तर त्यावर मोत्याची चमक. पाण्यासारखा स्वच्छ किंवा हिरवा. हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे येतो. पुण्याजवळच्या पाषाणच्या टेकड्या आणि राहुरीजवळचं मोमिन आखाडा इथला हिरवा अपोफिलाइट जगभरचे संग्राहक ओळखतात.

स्कोलेसाइट आणि मेसोलाइट. पांढऱ्या सुयांचे झुबके. सुई बोटात मोडली तर काढणं त्रासाचं, हातमोजे काढू नका.

लॉमोंटाइट. पांढऱ्या काड्या. खाणीत ओलसर असताना सुंदर दिसतो, घरी वाळला की त्यातलं पाणी उडून भुगा होतो. ओळखता आला की तिथेच सोडा.

कॅव्हॅन्साइटबद्दल सगळेच विचारतात. हा गर्द निळा स्फटिक १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पहिल्यांदा सापडला, पण त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं हे खनिज फार थोड्या जागी मिळतं. तो ढिगात सापडेल या आशेने वाघोलीला जाऊन कुंपणं ओलांडू नका. हवाच असेल तर खात्रीच्या विक्रेत्याकडून लहान नमुना घ्या. आणि पर्यटनस्थळांच्या बाहेर मिळणारे भडक निळे-जांभळे पोकळ गोटे दिसले तर ओल्या कापसाने आतून पुसून बघा, पांढऱ्या तंतूंना रंग दिलेला असेल तर तो अनेकदा कापसाला लागतो. जोड दिलेल्या नमुन्यात स्फटिकाच्या मुळाशी गोंदाचा चकचकीत थेंब भिंगातून दिसतो.

पहिल्यांदा जाण्याआधी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहून या. इथलीच खनिजं तिथे नावानिशी मांडली आहेत. पुस्तकातल्या फोटोंवरून जे कळत नाही ते काचेपलीकडचा खरा दगड पाहून लगेच कळतं.

९. बांधणं आणि आणणं

प्रत्येक नमुना उचलल्या जागी, उचलल्या क्षणी चिठ्ठीसह बांधा. आधी टिश्यू, मग वर्तमानपत्राचे दोन-तीन वेढे. सुट्या स्फटिकांसाठी अंड्यांचा ट्रे. सुयांचे झुबके कशातही गुंडाळू नका; डब्याच्या तळाला दगडाचा मागचा भाग चिकणमातीने किंवा पिठाच्या गोळ्याने बसवा, म्हणजे सुयांना काहीच टेकत नाही. जड दगड पिशवीत खाली. गाडीत डबे डिकीत न ठेवता मागच्या सीटवर ठेवा, धक्के कमी बसतात.

निघताना ढिगात उकरलेले खड्डे बुजवा आणि मालकाला काय मिळालं ते दाखवून जा. एखादा छान तुकडा त्यांच्या घरात ठेवायला द्या.

१०. धुणं

सगळ्यात जास्त चांगले नमुने इथे वाया जातात, तेही घरी सुखरूप पोचल्यावर. बाजारात फरशी आणि संडास धुवायचं ॲसिड मिळतं, त्यात बुडवून दगड चमकवा असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. ऐकू नका. त्या ॲसिडने कॅल्साइट विरघळतो, आणि स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट यांचे पृष्ठभाग कायमचे निस्तेज होतात. त्याची वाफ तुमच्या छातीलाही वाईट.

साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी, दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश एवढंच पुरतं. माती घट्ट असेल तर दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदला. गरम पाणी नको, उन्हात कडकडीत वाळवणंही नको. या खनिजांच्या रचनेतच पाणी असतं आणि उष्णतेने ते निघून गेलं की स्फटिक तडकतो किंवा पांढरा पडतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. सुयांच्या झुबक्यांना पाणी लावू नका, तंतू एकमेकांना चिकटतात; फुंकणीने धूळ उडवा. चष्म्याच्या दुकानातल्या कंपनाच्या मशीनमध्ये तर काहीच घालू नका.

११. नोंद

धुऊन वाळला की मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या नेलपेंटचा ठिपका द्या, वाळल्यावर त्यावर क्रमांक लिहा आणि वर रंगहीन नेलपेंटचा थर द्या. तोच क्रमांक वहीत. वहीत एवढं हवं: खनिजाचं नाव (खात्री नसेल तर प्रश्नचिन्हासह), गाव, तालुका, जिल्हा, गट नंबर, तारीख, ढिगातला की जागेवरचा, लाल पट्ट्याच्या वरचा की खालचा, सोबत त्याच पोकळीत काय होतं, कोणी दाखवलं.

हे कंटाळवाणं वाटेल, पण जागेची नोंद नसलेला दगड अभ्यासकाच्या दृष्टीने जवळपास मुका असतो. मुंबई-पुणे रेल्वेसाठी भोर घाट फोडला गेला, ती लाइन १८६३ मध्ये सुरू झाली. त्या कामात निघालेले स्फटिक परदेशी संग्रहालयांत पोचले, आणि दीडशे वर्षांनंतरही त्यांचा अभ्यास करता येतो, कारण कोणीतरी चिठ्ठीवर जागेचं नाव लिहून ठेवलं होतं. तुमच्या खाणीचा खड्डा उद्या बुजवला जाईल, त्यावर इमारत उभी राहील. मग त्या डोंगराच्या पोटात काय होतं हे सांगणारी तुमची वही एवढीच शिल्लक असेल, म्हणून तिचे फोटो काढून आणखी एका जागी जपून ठेवा.

मांडणी काचेच्या कपाटात करा, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीला. जांभळी गार उन्हाने फिकी पडते. कपाटातला दिवा एलईडी असू द्या, जुना तापणारा बल्ब नको. आणि लॉमोंटाइट चुकून घरी आलाच असेल तर तो झाकणाच्या डब्यात ओल्या स्पंजच्या तुकड्यासोबत ठेवा, दर आठवड्याला स्पंज ओला करा.